सीडी १०० मध्ये स्प्लेंडरचे इंजिन : अकरा महिन्यांचा अनुभव आणि एक न लावलेले बटण

जून महिन्यात, भर पावसात, यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर गाडी बंद पडली आणि किक मारली तर ती कशातही न अडकता थेट खाली गेली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. माझ्या जुन्या सीडी १०० मध्ये बसवलेल्या स्प्लेंडरच्या ज्या इंजिनाची मी दहा महिने भेटेल त्याच्यापाशी स्तुती करत होतो, त्याची किक घसरू लागली होती. आणि त्याच इंजिनावर, माझ्याच हट्टामुळे तारा न जोडलेली सेल्फची, म्हणजे बटणाने गाडी चालू करणारी, मोटर पावसात भिजत होती. उतार होता म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गाडी चालू झाली. चढाला तोंड करून सपाटीवर अडकलो असतो तर साताऱ्यापर्यंत ढकलतच यावे लागले असते.

गाडी १९९२ सालची हिरो होंडा सीडी १०० आहे आणि ती पहिल्यापासून आमच्याच घरात आहे. रोजचे साताऱ्याहून कोरेगावला येणे-जाणे, म्हणजे चाळीसएक किलोमीटर. मूळ इंजिनाचे हाफ इंजिनाचे काम, म्हणजे सिलिंडर घासून मोठा पिस्टन टाकणे, तीन वेळा झाले होते आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एक मिलिमीटरने वाढून शेवटच्या मापाला पोहोचले होते. मूळ ५० मिलिमीटर व्यास आणि ४९.५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल) धरला तर ९७.२ सीसी होतात. व्यास ५१ झाल्यावर हिशेबाने ते १०१ सीसीचे इंजिन झाले होते, फक्त त्या वाढीव चार सीसींतून ताकदीऐवजी निळा धूर येत होता. सिलिंडरला आतून नवीन नळी, म्हणजे स्लीव्ह, टाकता आली असती, पण क्रँकचाही आवाज येऊ लागला होता, आणि सगळे मिळून जो आकडा मेकॅनिकने सांगितला त्यात धडधाकट दुसरे इंजिन येत होते.

ओळखीतल्या एका गृहस्थांची २०१४ सालची स्प्लेंडर प्लस अपघातात चॅसी वाकून निकामी झाली होती. इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. मी भंगार बाजारातले इंजिन घेतले नाही, याचे कारण किंमत नव्हे, कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यास चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवून आरसी बुकावर नवीन क्रमांक चढवून घ्यावा लागतो, आणि जी गाडी कायमची निकामी झाली तिच्या मालकानेही कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांतच तसे कळवायचे असते. दोन्ही कामे आम्ही दोघांनी एकाच सकाळी जाऊन केली. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलेला प्रश्न रास्त होता : आरसीवर हिरो होंडा आहे, इंजिन हिरोचे आहे, मग ही एकच कंपनी कशी? २०११ मध्ये कंपनीचे नाव बदलून हिरो मोटोकॉर्प झाले, एवढे एका कागदावर लिहून दिल्यावर काम पुढे सरकले. ज्यांना हा सगळा खटाटोप वाटतो त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी दाखवायला न्यावी लागते, तेव्हा चॅसीबरोबर इंजिनाच्या क्रमांकाचाही पेन्सिलने ठसा घेतात. माझे मागचे नूतनीकरण २०२२ मध्ये झाले. २,००० रुपये पर्यावरण कर भरून वाचवलेली गाडी मला २०२७ मध्ये क्रमांक जुळत नाही म्हणून घालवायची नव्हती.

प्रत्यक्ष बसवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हीच त्या आराखड्याची खरी थोरवी आहे. सीडी १००, स्लीक, स्प्लेंडर, पॅशन, डॉन या सगळ्या गाड्यांचे आडवे इंजिन मुळात एकाच घराण्यातले आहे. इंजिनाचे बोल्ट जुन्याच भोकांत बसले, सायलेन्सरचा बेंड बसला, गिअरचा दांडा बसला. सकाळी दहाला उघडलेली गाडी संध्याकाळी पाचला उभी होती.

खरे काम विजेचे निघाले. माझी गाडी सहा व्होल्टची होती आणि वीज तयार करणारे मॅग्नेट व कॉइल प्लेट इंजिनाच्या पोटात असल्यामुळे इंजिनाबरोबर बारा व्होल्ट आपोआप घरात आले. म्हणजे हेडलाइटपासून इंडिकेटरपर्यंतचे सगळे बल्ब, हॉर्न, फ्लॅशर, आरआर युनिट (विजेचा दाब सांभाळणारा भाग), सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा भाग) आणि बॅटरी बदलणे ओघाने आलेच. हा खर्च मी धरलेला नव्हता आणि कोणी आधी सांगितलाही नाही, म्हणून इथे ठळकपणे सांगतो. त्याबदली रात्री कोरेगाव रस्त्यावर खड्डा त्यात चाक जाण्याआधी दिसू लागला, हे मान्य केले पाहिजे.

आता त्या सेल्फकडे येतो. इंजिन सेल्फवाले होते, मोटर त्याला लागलेलीच होती. मेकॅनिकने सेल्फ चालू करण्यासाठी उजव्या मुठीचा स्विच, रिले, जाड केबल आणि सेल्फला पेलणारी मोठी बॅटरी असे मिळून २,३०० रुपये सांगितले. मी नकार दिला. तेहतीस वर्षे किक मारलेल्या गाडीला आता बटण कशाला, हा माझा प्रश्न होता आणि तो मी बराच मोठ्याने विचारला. त्याऐवजी मोटर काढून विकावी, असे मनात आले. तिचे ६०० रुपये येत होते. पण मोटर काढल्यावर उरणाऱ्या भोकातून ऑइल बाहेर येऊ नये म्हणून ते बंद करण्याचा वेगळा खटाटोप होता, तेव्हा ती जागेवरच राहिली. त्यानंतर दहा महिने गाडी धुताना दर रविवारी माझी नजर त्या मोटरवर जायची आणि मी न वापरलेल्या वस्तूचे पैसे दिले आहेत, ही जाणीव मला टोचायची. इंजिन विकणाऱ्या गृहस्थांना मी दोनदा सुचवूनही पाहिले, की किकवालेच इंजिन असते तर हजारभर रुपये कमी द्यावे लागले असते. त्यांनी दोन्ही वेळा चहा पाजला, रक्कम मात्र परत केली नाही.

एकूण हिशेब असा : इंजिन ९,५००, मजुरी १,८००, विजेचे सामान बॅटरीसह २,९००, ऑइल, गॅस्केट आणि पेट्रोलची नळी ६५०. जुने इंजिन १,६०० रुपयांना गेले. निव्वळ खर्च १३,२५० रुपये. जुने इंजिन लिटरला ४८ किलोमीटर देत होते, हे ६२ देते. सीडी १०० चा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे इंजिन बदलल्याने किलोमीटरच्या मोजणीत फरक पडलेला नाही. टाकी काठोकाठ भरून सात वेळा मोजलेले हे आकडे आहेत. १०४ रुपये लिटरच्या दराने दिवसाला सुमारे साडेएकोणीस रुपये वाचतात, पंचवीस दिवसांच्या महिन्याला ४९० रुपये. म्हणजे पैसे वसूल व्हायला सत्तावीस महिने. जुने इंजिन पिऊन टाकत असलेले ऑइल मी या हिशेबात धरलेले नाही, कारण त्याची नोंद ठेवली नव्हती.

चालण्याबद्दल तक्रार नाही. सुमारे ११,००० किलोमीटर झाले, दर ३,००० किलोमीटरला ऑइल बदलले, एकदाही वरून टाकावे लागले नाही. पूर्वी यवतेश्वरचा घाट मागे माणूस असेल तर अनेक ठिकाणी पहिल्या गिअरवर यायचा, आता बहुतेक दुसऱ्यावर निघतो. पन्नासच्या वेगात हँडलला येणारी जुनी थरथर गेली. ब्रेक मात्र तेच जुने ड्रम आहेत आणि गाडी आता आधीपेक्षा लवकर वेग घेते, याचे भान ठेवावे लागते; मी पहिल्याच आठवड्यात पुढचे ब्रेक शू बदलून घेतले.

तर, जूनमधली ती किक. घाटातून परत आल्यावर मी सरळ मेकॅनिककडे गेलो. किकचे दाते झिजले आहेत, सुटा भाग स्वस्त आहे, पण तो बदलायचा तर इंजिन उतरवून पूर्ण फोडावे लागेल, असे त्याने सांगितले. मजुरीचा आकडा ऐकून मी गप्प झालो. तो म्हणाला, "सर, मोटार फुकट बसलीया तिथं. बटण लावा की." मग विकणाऱ्या गृहस्थांना फोन केला. त्यांची गाडी सेल्फवर नसून कायम किकवरच चालू व्हायची, कारण बॅटरी संपली तेव्हा त्यांनी नवीन घेतलीच नव्हती, असे त्यांनी निर्मळपणे सांगितले. म्हणजे किक झिजवणारेही काटकसरीच होते आणि उरलेली झिजवणारा मीही काटकसरीच.

सेल्फ जोडून घेतली. पहिल्या दिवशी बटण दाबल्यावर रिलेचा नुसता टक असा आवाज आला आणि माझ्या मनात जुना संताप परत जागा झाला. पण दोष मोटरचा नव्हता. इंजिनाला जाणारी अर्थची तार जिथे बोल्टखाली दाबली होती तिथे रंगाचा थर होता. तो खरवडल्यावर गाडी एका दाबात सुरू झाली. तेव्हापासून पाच आठवडे पाऊस असूनही सकाळी एकदाही दुसऱ्यांदा बटण दाबावे लागलेले नाही. आधी मी जे लिहून ठेवले होते, की सेल्फवाले इंजिन घेऊ नये, उगाच पैसे जातात, ते मी मागे घेतो. घ्यायचे असेल तर सेल्फवालेच घ्यावे, आणि ते २,३०० रुपये पहिल्याच दिवशी खर्च करावेत. इंजिन कोणाचेही असले तरी घेण्यापूर्वी हाताने किक दाबून दाते पकडतात का, हे वीस वेळा तपासावे. मी एकदा तपासले होते.

तक्रार एकच उरली आहे. ११ महिन्यांपूर्वी किकवाल्या गाडीची छोटी बॅटरी घेतली होती, ती आता निरुपयोगी झाली. दुकानदाराने ती परत घेताना भंगाराच्या भावाने मोजली, वॉरंटीचा कागद दाखवला तरीही, कारण बॅटरी बिघडलेली नव्हती. आणि बिघडलेली नसेल तर बदलून मिळत नाही, हे त्याचे म्हणणे तर्काला धरून असले तरी मला पटलेले नाही. वसुलीला उरलेले सोळा महिने या खर्चाने एकवीसवर गेले आहेत. किकचा दांडा मी काढलेला नाही. इंजिन पुढे कधी क्रँक किंवा गिअरच्या कामासाठी पूर्ण फोडावे लागले, तर त्याच मजुरीत तो भाग बदलून घेईन, म्हणून किकचे नवीन दाते आताच आणून, ग्रीस लावून, पिशवीत बांधून टूलबॉक्समध्ये ठेवले आहेत.