ग्लेनफार्क्लस १५ : सहा पिढ्यांची शेरीवाली भट्टी

साकोलीकडच्या माणसाला स्कॉचच्या ग्लासात मोह सापडला तर हसू नका. चैतात अंगणात पसरलेली, अर्धी सुकलेली मोहफुलं जो जड, गोडसर वास सोडतात, तोच ग्लेनफार्क्लस १५ या स्कॉच व्हिस्कीची बाटली उघडल्याबरोबर येतो. जाणकार मनुका, खारीक, अक्रोड, संत्र्याची वाळकी साल अशी यादी देतात. ते सगळं आहे, पण मागाहून.

बाटली भाच्यानं दुबईच्या विमानतळावरून आणली. "मामाजी, यात बर्फ टाकाल तर परत नेईन," असं बजावून गेला. धान निघून मळणी झाली होती, मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस सुरू होते, रात्री शाल लागायची. व्हिस्की प्यायला आमच्याकडं हेच दोन महिने खरे. वडशाचा एक मित्र खास चव घ्यायला आला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून त्याला बिचाऱ्याला जिल्ह्याबाहेर यावं लागतं.

रंग पाहून तो म्हणाला, "हे काहीतरी टाकून लाल केलंय." आपल्याकडं रंगावर कुणाचा भरवसा नाही, आणि ते बरोबरच आहे. स्कॉचमध्ये जळक्या साखरेचा रंग घालायला कायद्यानं परवानगी आहे. ग्लेनफार्क्लसवाले तो घालत नाहीत. इथला रंग पिंपाचा. स्पेनच्या ओलोरोसो शेरीनं, म्हणजे तिथल्या एका कडक वाइननं, मुरलेल्या ओकच्या पिंपात ही व्हिस्की १५ वर्षं राहते. पूर्वी शेरी पिंपांतूनच इंग्लंडात यायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडला स्वस्तात मिळायची. आता शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरतात, त्यामुळे व्हिस्कीसाठी मुद्दाम पिंपं करून, त्यात शेरी मुरवून मग धाडावी लागतात. बाटलीच्या किमतीत या लाकडाचाही वाटा असतो.

मला जास्त आवडली ती या घराची गोष्ट. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात, बेन रिनिस डोंगराच्या पायथ्याशी ही डिस्टिलरी आहे. परवाना १८३६ चा. १८६५ साली जॉन ग्रँट नावाच्या गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्यानं ती ५११ पौंड १९ शिलिंगांना घेतली. त्याला खरी हवी होती जमीन, एल्गिनच्या बाजाराला जनावरं नेताना मुक्कामाला जागा म्हणून. भट्टी त्यानं सुरुवातीला दुसऱ्याला चालवायला दिली. पुढं घरच्यांनी पॅटिसन नावाच्या व्यापाऱ्यांशी भागीदारी केली. ते १८९८ मध्ये दिवाळखोर झाले आणि ग्रँट कुटुंब बुडता बुडता वाचलं. व्यापाऱ्याच्या भरवशावर माल ठेवून हात पोळलेला शेतकरी आमच्या गावात शोधावा लागत नाही, म्हणून हे मला लगेच पटलं. तेव्हापासून मालकी घरातच आहे, सहावी पिढी आली. नावंही जॉन नाहीतर जॉर्ज, आलटून पालटून.

दुसरी गोष्ट आगीची. बहुतेक डिस्टिलऱ्या आता वाफेवर चालतात. इथं तांब्याच्या सहा मोठ्या भांड्यांखाली अजून थेट गॅसची ज्योत असते. खाली करपू नये म्हणून पहिल्या उकळीच्या भांड्यांत साखळ्या फिरत तळ खरवडतात. १९८१ मध्ये त्यांनी वाफ वापरून पाहिली, दारूचा अंगभारच गेला म्हणून पुन्हा आगीवर आले. मोहाची भट्टी पाहिलेल्याला जाळ आणि चव यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही.

तोंडात पहिला घोट गोड, मग लगेच कोरडा, सालीचा कडवटपणा, शेवटी लाकूड. धूर अजिबात नाही. अल्कोहोल ४६ टक्के आहे, पण थेंबभर पाणी घातलं की मोकळी होते. सोडा नको, त्यात पैसे वाहून जातात. सोबत तिखट सावजी मटणही नको, जीभ बधिर झाल्यावर १५ वर्षं काय कळणार? भाजलेले शेंगदाणे पुरे.

बाटली कपाटात, उन्हापासून दूर, उभी ठेवा. स्कॉटलंडच्या थंड गोदामांतही पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो. आपल्या मे महिन्यात तेच पिंप भंडाऱ्यात ठेवलं तर किती उरेल, याचा हिशोब मित्र बराच वेळ करत बसला होता.

स्वस्त नाही. एवढ्या पैशात धानाची बरीच पोती येतात. १२ वर्षांची, ४३ टक्क्यांची बाटली कमी पैशात मिळते, ती सौम्य आहे आणि नवख्याला तीच बरी. पण एकच घ्यायची तर १५ घ्या. यांचीच १०५ नावाची एक आहे, ती ६० टक्क्यांची. ती घेणाऱ्यानं पाण्याचा तांब्या आधी जवळ ठेवावा.