स्लो कुकरमधले चिकन विंग्ज: सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. नुसत्या स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, कुरकुरीत विंग्ज (कोंबडीचे पंख) होत नाहीत. पाककृतीवाले काहीही सांगोत, होणारच नाहीत. हाडापर्यंत मसाला मुरलेले, मऊ विंग्ज मात्र झकास होतात. त्यानंतर दहा मिनिटं लोखंडी तवा तापवायची तयारी असेल तर पुढे वाचा.

माझा कुकर साडेतीन लिटरचा, 210 वॅटचा. आत जाड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण, पुढे लो, हाय आणि वॉर्म एवढीच बटणाची फिरकी. दिवाळीनंतर घेतला, आता जून लागलाय. घेतला तो विंग्जसाठी नाहीच, उन्हाळ्यासाठी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 42-43 वर जातो आणि आमचं स्वयंपाकघर नेमकं पश्चिमेला. दुपारी गॅससमोर उभं राहून रस्सा आटवायचा म्हणजे शिक्षाच. हे भांडं मी मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या प्लगवर लावते. उष्णता घराबाहेर राहते. वास शेजारी जातो, त्याला इलाज नाही. "आज काय बेत ओ?" असा प्रश्न भिंतीपलीकडून येतोच.

विंग्ज मिळवणं हे शिजवण्यापेक्षा जास्त चिकाटीचं काम. आपल्याकडे चिकनवाले कोंबडी सोलूनच देतात आणि विंग्जची मजा तर कातड्यात. कोंबडीला पंख दोनच, म्हणजे किलोभर पंखांना बऱ्याच कोंबड्या लागतात. म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आमचा दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "कातड्यासकट? कशाला ओ ताई, टाकून देतो की आम्ही ते." आता न सांगता बाजूला ठेवतो. घरी आणल्यावर उरलेली बारीक पिसं चिमट्यानं काढायची, सांध्यावर सुरी ठेवून तीन तुकडे करायचे. टोकाचा तुकडा फेकू नका, रश्शाला कामाला येतो.

नेटवरच्या बहुतेक कृतींमध्ये बार्बेक्यू सॉसची अख्खी बाटली ओततात. त्या नादाला मी लागले नाही. तसं पाहिलं तर मूळचे बफेलो विंग्ज अमेरिकेतल्या बफेलो शहरात 1964 मध्ये अँकर बारमध्ये सुरू झाले आणि ते तळलेले असतात. तळून मग लोणी आणि तिखट सॉसमध्ये घोळवतात. स्लो कुकरचा त्यांच्याशी संबंध नंतर आला, पार्टीत चार तास गरम राहावेत म्हणून.

माझा मसाला आपलाच. आलं-लसूण, हळद, मीठ, काळा मसाला, थोडं लिंबू. कांदा आणि सुकं खोबरं आधी तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून वाटायचं. ही पायरी टाळता येत नाही, कारण कुकरमध्ये काहीही भाजलं जात नाही. आत सगळं शंभर अंशांच्या खालीच खदखदतं. कच्चा कांदा टाकला तर उकडलेला कांदाच बाहेर येतो. लसणाचंही तसंच, दोन मिनिटं तेलात परतून घेतला नाही तर त्याचा कच्चेपणा शेवटपर्यंत जाणवतो. दही घालू नये, फुटतं. आणि पाणी? एक थेंब नाही. झाकणामुळे वाफ फारशी बाहेर जात नाही आणि कोंबडी स्वतःच वाटीभर पाणी सोडते. याच कारणानं मीठ हात आखडूनच घाला, रस्सा आटत नाही.

किलो-सव्वा किलोला हायवर अडीच तास, लोवर चारएक तास. हाय आणि लो मध्ये शेवटी गाठायचं तापमान जवळपास सारखंच असतं, फरक तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाचा. मी हायच वापरते. यापुढे गेलं की हाड हातात आणि मांस भांड्यात. मध्ये मध्ये झाकण उघडून बघायची सवय असलेल्यांनी हात बांधून घ्या. एकदा उघडलं की वीसेक मिनिटं वाढलीच. फ्रीझरमधलं गोठलेलं चिकन थेट टाकू नका. ते इतकं हळू तापतं की मधल्या काळात जंतूंचं फावतं.

बाहेर काढल्यावर विंग्जचं कातडं भिजलेल्या कागदासारखं दिसतं, घाबरू नका. चाळणीत निथळत ठेवा, फडक्यानं टिपा. तवा धूर येईपर्यंत तापवा, चमचाभर तेल, आणि एका वेळी सात-आठच तुकडे. गर्दी केली की पुन्हा वाफ धरते. दोन्ही बाजूंनी काळे डाग पडले की त्यावर थोडा चिंच-गुळाचा कोळ, तो चिकटला की लगेच उतरवा. वरून शेंगा चटणी. आपली, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. सॉसच्या बाटलीला तिची सर नाही.

पण आमच्या घरात खरी भांडणं होतात ती भांड्यात खाली उरलेल्या रश्शावरून. पंखात कातडं आणि सांधेच जास्त, त्यातलं कोलॅजन (कातड्या-सांध्यांतलं चिवट प्रथिन) मंद आचेवर विरघळून रश्शात उतरतं. फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी थरथरणारी जेली होते. वर बोटभर तर्री. त्यात कडक भाकरी चुरून दहा मिनिटं मुरू द्यायची. सासूबाई विंग्जना हातही लावत नाहीत, "हाडंच की सगळी," म्हणतात, पण या वाटीवर हक्क त्यांचा पहिला. पायासुद्धा रात्रभर लोवर ठेवून असाच सुरेख होतो. तिथे या यंत्राचे पैसे पूर्ण वसूल. राजमा मात्र आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय यात घालू नका. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर मरत नाही, पोट बिघडतं.

वीज अर्ध्या युनिटाच्या आसपास लागते, तो मुद्दाच नाही. मुद्दा आहे लाइट जाण्याचा. घरी असाल तर सरळ पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण करा. बाहेर असताना किती वेळ गेली होती याचा पत्ता नसेल तर आतलं मांस टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी. म्हणूनच मी घर मोकळं सोडून चिकन लावत नाही. आणि घेताना फिरकीवालाच घ्या. बरेच डिजिटलवाले लाइट परत आल्यावर बंदच राहतात. फिरकीचा आपोआप पुन्हा सुरू होतो.

तक्रारी दोन. भांडं जड आहे, भरलेलं असताना सासूबाईंना उचलत नाही. आणि गरम असताना गार पाणी घालायचं नाही, तडकतं, त्यामुळे घासायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं.

अमेरिकेतला भाऊ-भाचा येताना आणतो म्हणाला तर नको म्हणा. तिकडचे 120 व्होल्टचे असतात, आपल्या 230 वर थेट लावले तर जळतील. ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल आणि मग बाल्कनीत कुकरला जागा उरायची नाही.