बेटांवरच्या वनस्पतींचा ऑनलाइन कोर्स: शीडियाच्या भागासाठी तरी घ्याच

मी बीएस्सीला वनस्पतिशास्त्र शिकवते. बेटांवरच्या वनस्पतींची उत्क्रांती आणि प्रजनन यावरचा हा कोर्स वर्गात उपयोगी पडेल म्हणून घेतला आणि पैसे वसूल झाले.

सुरुवातच एका कोड्याने होते. वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट बेकर यांचा १९५५ चा मुद्दा आम्ही दरवर्षी शिकवतो: दूरच्या बेटावर एकटंच बी पोहोचलं, तर स्वपरागण (स्वतःच्याच परागांनी बी धरणं) जमणारी वनस्पती तग धरण्याची शक्यता जास्त. हवाई बेटं तर मुख्य भूमीपासून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब. तरीही तिथल्या मूळच्या सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे १५ टक्के जातींत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. जगभरात हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आहे. असं का?

काहींचे पूर्वज आधीपासूनच तसे होते. काहींमध्ये मात्र हा बदल बेटांवर आल्यानंतर झाला, आणि शीडिया या हवाईतल्या वनस्पतींच्या गटाचा भाग त्यावरच आहे. एकाच पूर्वजापासून तीसहून अधिक जाती झाल्या. दमट जंगलातल्या जातींची फुलं द्विलिंगी, म्हणजे नर-मादी अवयव एकाच फुलात असलेली, राहिली. कोरड्या, वाऱ्याच्या उतारांवर परागण वाऱ्याकडे गेलं आणि नर-मादी वेगळे होत गेले. स्वपरागणातून आलेली रोपं अशक्त निघतात, त्यामुळे परागकण न बनवणाऱ्या मादीचाही निभाव लागतो. व्हिडिओत मादी फूल भिंगाखाली उघडून दाखवलंय: पुंकेसर आहेत, पण खुरटलेले, परागाविना. तिथे मी व्हिडिओ थांबवून बराच वेळ बघत बसले. पाठ्यपुस्तकातल्या दहा आकृत्यांनी हे काम झालं नसतं.

ब्रिगामिया या हवाईतल्याच वनस्पतीचा भागही सुरेख. फुलात आधी पराग बाहेर येतात, कुक्षी (पराग स्वीकारणारं मादी टोक) नंतर उघडते. नैसर्गिक परागवाहक, बहुधा एक मोठा पतंग, आता नसावा. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ दोरावरून कड्यावर उतरून हाताने परागण करत. हे ऐकून पोटात कालवलं.

बीजप्रसाराचा भाग मात्र उरकलाय. स्लाइड वाचून दाखवायच्या असतील तर व्हिडिओ कशाला? सबटायटल्समध्ये जातींची नावं चुकलीत, ती तपासून घ्या.

परागण आणि फुलाची रचना पक्की असेल तरच घ्या, नाहीतर दुसऱ्या भागातच दमछाक होईल. एमएस्सीच्या मुलांना मी हा कोर्स डोळे झाकून सुचवेन.