गोव्याची स्वस्त खोली आणि ओट्यावर बसून गेलेले पैसे

कापसाचे नाहीतर केळीचे पैसे हातात आले, की डिसेंबर-जानेवारीत चोपडा, यावल, पाचोऱ्याकडून पोरांचे ग्रुप गोव्याला निघतात. बजेट कमी आणि दिवस ऐन गर्दीचे, भामट्यांना असंच गिऱ्हाईक हवं असतं. मोठी रक्कम कळंगूटच्या वाळूत जात नाही. ती गाडीत बसायच्या आधी, घरच्या ओट्यावर बसूनच गेलेली असते.

पद्धत ठरलेली. इन्स्टाग्रामवर जाहिरात: ‘बागा बीचपासून पाच मिनिटं, तीन बेडरूमचा व्हिला, स्विमिंग पूल, चार हजार.’ नाताळात हा भाव कुणी लावत नाही, पण आठ जणांत माणशी पाचशे येतात म्हटल्यावर विचारतो कोण भो! फोनवरचा माणूस गोड बोलतो, आधार कार्ड आणि जीएसटी नंबर पाठवतो. दोन्ही भलत्याचेच. आधी अर्धे पैसे. तासाभराने, ‘पूर्ण रक्कम आल्याशिवाय सिस्टममधून व्हाउचर निघत नाही, जास्तीचे लगेच परत करतो.’ मग डिपॉझिट. शंका येऊन पैसे परत मागितले, तर क्यूआर कोड येतो: स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल. इथे उरलेलंही जातं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात हॉटेल खरं असतं. नकाशावर किंवा सर्चमध्ये त्या हॉटेलच्या नावापुढे भामट्याचा मोबाइल नंबर टाकलेला असतो. म्हणून नंबर दोन-तीन ठिकाणी ताडून पाहावा.

ॲडव्हान्स टाकण्याआधी फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. तोच पूल दुसऱ्याच गावच्या हॉटेलच्या नावावर सापडतो. मालकाला व्हिडिओ कॉल करून रस्त्यावरून गेटपर्यंत आणि गेटपासून खोलीपर्यंत चालायला सांगा. आधीच काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही. गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्याला १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांक मागा. खरा मालक देतो, खोटा चिडतो. पैसे टाकताना स्क्रीनवर येणारं नाव हॉटेलचं आहे की कुण्या भलत्याचं, तेही वाचा. ‘पे ॲट हॉटेल’चा पर्याय असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येते ती तेवढ्याच वेळात. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका. पोलीस ठाण्यात ‘गोव्यातलं प्रकरण आहे, तिकडे जा’ असं सांगितलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, म्हणजे जळगावातही.

आता पोचल्यावरचं. मंगला एक्स्प्रेसने जळगावहून मडगावला उतरलात, तर कळंगूट तिथून पंचेचाळीसेक किलोमीटर लांब आहे. ‘स्टेशनजवळ’ म्हणून विकलेली खोली खरंच कुठे आहे, ते आधीच बघा. टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात न अडकता कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने पणजी आणि तिथून पुढची बस, हा सगळ्यात स्वस्त रस्ता.

स्कूटर घेताना पाटी बघा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी शंभर रुपयांनी स्वस्त मिळेल, पण पोलिसांनी अडवलं तर अडचण तुमचीच आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. मूळ आधार किंवा लायसन्स ठेवून देऊ नका, झेरॉक्स द्या. ताब्यात घेताना मालकासमोरच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा: प्रत्येक ओरखडा, आरसे, सीटखालची डिकी, पेट्रोलचा काटा. परत देताना ‘हा स्क्रॅच नवीन आहे’ म्हणून दोन-तीन हजार मागतात, ते हा व्हिडिओ दाखवला की थांबतं.

पॅरासेलिंगच्या पॅकेजमध्ये किती मिनिटं आणि व्हिडिओ धरून की वेगळा, हे बोटीत चढायच्या आधी लिहून घ्या. पाण्यात गेल्यावर भाव त्यांचा असतो.