आधी जावानीज की इंडोनेशियन?

जावा बेटावर राहायला निघालेल्या एका मैत्रिणीचा प्रश्न: दोन्हींपैकी आधी कोणती शिकू?

शब्दक्रमावरून निवड करू नकोस. मराठीत कर्म क्रियापदाआधी येतं, या दोन्ही भाषांत नंतर. 'मी भात खातो' इंडोनेशियनमध्ये 'साया माकान नासी', जावानीजमध्ये 'आकु मांगान सगो'. विशेषणही दोन्हीकडे नामामागून येतं: 'रुमाह बसार', 'ओमाह गडे', म्हणजे घर मोठं. ही सवय एकदाच मोडावी लागते.

खरा फरक मेहनतीत आहे. जावानीजमध्ये समोरचा कोण, यावर शब्दच बदलतात. मित्राशी बोलताना चालणारं वरचं वाक्य अनोळखी वडीलधाऱ्यांपुढे 'कुलो नडो सकुल' होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या खाण्याला 'डाहार' म्हणायचं. क्रम तोच, शब्द तिन्ही नवे! आपलं 'तू-तुम्ही' यापुढे फारच सोपं. इंडोनेशियनमध्ये आदर आहे, पण एवढी दुहेरी शब्दसंपदा नाही.

उच्चारात मात्र जावानीज आपल्याला जवळची. 'वदी' म्हणजे घाबरलेला, 'वडी' म्हणजे वाळू. द-ड मराठी कानाला लगेच कळतो.

नोकरी, सरकारी कामं, देशभर प्रवास असेल तर इंडोनेशियनच आधी. 1945 पासून तीच राजभाषा आहे. जावातल्या योग्यकर्ता किंवा सोलो या शहरांत घर करून शेजारच्या आजींशी बोलायचं असेल, गामेलान (तिथला पारंपरिक वाद्यवृंद) किंवा वायांग (बाहुल्यांचा पारंपरिक खेळ) शिकायचं असेल, तर जावानीज, आणि तीही आदराच्या रूपापासून.