सव्वापाचातून पावणेतीन : एका सरावपुस्तकाविषयी

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण होणाऱ्या मुलांना पाचवीत बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यमाला सामोरे जावे लागते, आणि एका सुटीच्या अवधीत त्यांच्या ‘अंश’ व ‘छेद’ यांचे ‘न्यूमरेटर’ व ‘डिनॉमिनेटर’ होतात. माझी मुलगी यंदा त्याच उंबरठ्यावर असल्यामुळे म्हापशाच्या एका दुकानातून मी अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि वजाबाकी यांच्या सरावाचे ९६ पानी मराठी पुस्तक १८० रुपयांना विकत घेतले. सुमारे दीड महिना रोज दोन पाने या क्रमाने आम्ही ते पूर्ण सोडवले. उत्तरसूचीत सापडलेल्या चुका मी प्रकाशकाला लिहून कळवल्या असून त्यांचे उत्तर येईपर्यंत पुस्तकाचे नाव देणे मला योग्य वाटत नाही. परंतु असे पुस्तक घेताना कोणती पाने उघडून पाहावीत, हे त्यावरून निश्चित सांगता येईल.

प्रथम उघडावे ते पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या वजाबाकीचे पान. ५ १/४ मधून २ ३/४ वजा करताना एकातून तीन जात नाहीत, म्हणून मूल पाचातून एक उसना घेते. आणि ज्याला आजवर उसना म्हणजे दहा एवढेच ठाऊक आहे, ते त्या १ च्या शेजारी आणखी एक १ मांडून ११/४ करून टाकते. माझ्या मुलीने सलग चार उदाहरणांत हेच केले. या पुस्तकाने ही चूक आधीच ओळखून उदाहरणापूर्वी चार भागांत कापलेल्या पोळीचे चित्र दिले आहे आणि उसना घेतलेला एक म्हणजे येथे ४/४, त्यामुळे १/४ चे ५/४ होतात, असे दाखवले आहे. पुढच्या पानावर छेद ६ आहे, त्यानंतर ८ आणि मग १०. म्हणजे उसन्या एकाचे तुकडे किती करायचे हे छेद ठरवतो, ही गोष्ट न सांगता मुलाच्या लक्षात येते. छेद १० झाला की नेहमीची वजाबाकी आपोआप समोर उभी राहते. या आठ पानांसाठी मी पुस्तकाची पूर्ण किंमत द्यायला तयार आहे.

दशांश अपूर्णांकांचे प्रकरण त्या मानाने साधे असले, तरी त्यातील उदाहरणांची निवड चांगली आहे. ७.२ मधून ३.४५ वजा करताना बरीच मुले ७ मधून ३ आणि ४५ मधून २ काढून ४.४३ असे उत्तर लिहितात. पुस्तक ७.२ च्या पुढे शून्य लिहून ७.२० करायला लावते, चिन्हाखाली चिन्ह मांडायला लावते, आणि ३.७५ हे उत्तर मिळाल्यावर ते ३.४५ मध्ये मिळवून पाहायला सांगते. ०.८ आणि ०.३५ यांतील मोठी संख्या कोणती, हा प्रश्नही येथे आहे. घरात आपण ‘पॉइंट पस्तीस’ असे म्हणत असल्यामुळे आठापेक्षा पस्तीस मोठे, असे मुलाला वाटणे स्वाभाविकच आहे. दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे वाचावेत, ही सूचना त्यासाठी ठळक चौकटीत हवी होती. ती तळटिपेत बारीक अक्षरांत दिली आहे.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. संपूर्ण मराठी पुस्तकात पाव, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच हे शब्द एकदाही येत नाहीत. माझ्या सासऱ्यांचे शिक्षण पोर्तुगीज राजवटीत एका खासगी मराठी शाळेत झाले. पावकी, निमकी आणि पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, त्यांना आजही तोंडपाठ आहेत. मुलीने वहीत ११/४ लिहिले, तेव्हा त्यांनी तिला एवढेच विचारले, ‘सव्वापाचातून पावणेतीन गेले तर किती उरतील गो?’ क्षणभर थांबून ती म्हणाली, ‘आजोबा, अडीच.’ तिला उत्तर येत होते, फक्त ते कागदावरच्या आकड्यांशी जोडलेले नव्हते. सासऱ्यांच्या लहानपणी गोव्यातील रुपया सोळा तांग्यांचा होता, त्यामुळे पाव रुपया म्हणजे चार तांगे हा त्यांचा रोजचा व्यवहार होता; शंभर सेंटाव्हूंचा एस्कुदो हे नवे चलन १९५८-५९ च्या सुमारास आले, आणि भारतात १ एप्रिल १९५७ पासून रूढ झालेले दशमान पैसे गोव्यात मुक्तीनंतर पोहोचले. (गोव्यातील मुलांना ‘पाव’ म्हटल्यावर आधी पोदेर, म्हणजे पाववाला, आठवतो, हे खरे आहे. ‘पावाचा अर्धा म्हणजे एक अष्टमांश’ हे वाक्य आमच्या घरी अजून हसण्यावारी नेले जाते.)

वजाबाकीच्या प्रकरणात आणखी एक उणीव आहे. १००० मधून ३६७ वजा करताना दोन्ही संख्यांतून एकेक कमी करून ९९९ मधून ३६६ काढावेत, म्हणजे उसने घ्यावेच लागत नाही, ही युक्ती पुस्तकाने छान दिली आहे. मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील भाजीवाली शंभराच्या नोटेतून साडेसदतीस रुपये वळते करताना जे करते, ते येथे नाही. ती आधी आठ आणे देऊन अडतीस म्हणते, मग दोन रुपये देऊन चाळीस, दहा देऊन पन्नास आणि शेवटी पन्नासाची नोट देऊन शंभर म्हणते; ६२.५० ही बाकी ती कोठेही वजाबाकी न करता परत करते. सुट्या पैशांची चणचण असल्यामुळे अलीकडे ते आठ आणे बहुधा कोथिंबिरीच्या रूपात मिळतात, पण रीत तीच आहे.

आता उत्तरसूचीविषयी. ३ मधून १.०७ वजा करण्याच्या उदाहरणाचे उत्तर तेथे २.०३ छापले आहे. योग्य उत्तर १.९३ आहे आणि माझ्या मुलीने तेच लिहिले होते. उत्तरसूची पाहून तिने ते खोडले. अशा पाच चुका मला आढळल्या, आणि त्यांपैकी तीन शून्यातून उसना घेण्याच्या, म्हणजे नेमक्या त्याच पायरीवरच्या आहेत जी शिकवण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले आहे. छपाईतील चूक समजण्यासारखी असते, परंतु मूल छापील अक्षरावर आपल्या हिशेबापेक्षा अधिक विश्वास ठेवते, याचा विचार मुद्रिते तपासणाऱ्याने केला नसावा.

कागद जाड आहे, खोडरबराने फाटत नाही. उदाहरणे सोडवायला पुरेशी जागा सोडली आहे. अंक सर्वत्र देवनागरी असल्यामुळे पाचवीत आंतरराष्ट्रीय अंकांकडे वळणाऱ्या मुलाला थोडा त्रास होतो, कारण आपला एक तेथील नवासारखा दिसतो. शेवटची काही पाने तरी दोन्ही अंकांत द्यायला हवी होती. तरीही धाकट्या भाच्यासाठी मी याच पुस्तकाची दुसरी प्रत घेतली आहे. उत्तरसूचीची चार पाने कापून मी कपाटात ठेवली असून, प्रत्येक उत्तर बेरीज करून पडताळण्याचे काम त्याच्याकडेच दिले आहे.