ग्लोबल व्हॉइसेस : शहराची बातमी तिथल्याच माणसांकडून

लांबच्या शहरांबद्दल वाचायचं असेल तर ही साइट नक्की बघा. पूर्ण फुकट आहे, आणि लिहिणारे बरेचसे त्याच भागातले लोक, बहुतेक व्हॉलंटियर. 2004 मध्ये हार्वर्डच्या बर्कमन सेंटरमध्ये रेबेका मॅकिनन आणि ईथन झुकरमन यांनी हे सुरू केलं. मॅकिनन त्याआधी बीजिंगमध्ये सीएनएनच्या ब्युरो चीफ होत्या, म्हणजे परदेशी बातमीदारी त्यांनी आतून बघितलेली.

याची गरज का, ते कोलंबियातल्या मेडेलिनकडे बघून कळतं. 1991 मध्ये तिथे दर लाख लोकांमागे साडेतीनशेच्या वर खून होत होते, तेव्हा जगभरच्या पेपरांत ड्रग माफिया पाब्लो एस्कोबार, कोकेन आणि प्रेतं हेच येणार, त्यात खोटं काही नव्हतं. पण 1993 मध्ये एस्कोबार मेला तरी बाहेरच्यांसाठी शहर तिथेच अडकलं. मग 2004 मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत मेट्रोकेबल म्हणजे मेट्रोला जोडलेला रोपवे गेला, पुढे कोमुना 13 या डोंगराळ वस्तीत सरकते जिने लागले, 2013 मध्ये जगातलं सगळ्यात इनोव्हेटिव्ह शहर म्हणून बक्षीस मिळालं आणि तेच मीडियावाले एकदम चमत्कार चमत्कार करायला लागले. आधी नरक, मग चमत्कार, आणि मधली रोज कामावर जाणारी माणसं दोन्हीकडे गायब! मला याचा खरंच राग येतो.

ग्लोबल व्हॉइसेसच्या रायझिंग व्हॉइसेस उपक्रमाने 2007 मध्येच मेडेलिनजवळच्या ला लोमा वस्तीतल्या पोरांना हायपरबारियो नावाच्या प्रोजेक्टसाठी मदत केली, ती पोरं लायब्ररीत जमून आपल्या वस्तीबद्दल स्वतः लिहायला लागली, फोटो-व्हिडिओ टाकायला लागली, आणि 2009 मध्ये त्यांना ऑस्ट्रियातल्या आर्स इलेक्ट्रॉनिका या डिजिटल कला संस्थेचा गोल्डन निका पुरस्कार मिळाला. माझ्या मते या साइटचं सगळ्यात मोठं काम हेच.

कमी काय, तर ब्रेकिंग न्यूजसाठी इथे येऊ नका, त्यासाठी एजन्सीच्या बातम्याच बऱ्या. आणि कव्हरेज एकसारखं नाही, जिथे लिहिणारा उत्साही तिथे भरपूर, नाहीतर शोधत बसावं लागतं. नागरी हक्क, सेन्सॉरशिप असे विषय जास्त, धंदा-बाजार कमी.

माझ्याकडून पाचपैकी चार. एखाद्या शहरात नोकरीला किंवा शिकायला जाणार असाल तर मोठ्या चॅनेलची बातमी वाचून घाबरण्याआधी इथे शहराचं नाव टाकून सर्च करा, आणि नवीन लेखांसोबत चार-पाच वर्षांपूर्वीचेही वाचा, शहर कसं बदलत गेलं ते त्यातूनच दिसतं.